सिल्व्हर ब्लफचा मळेमालक : जेम्स हेन्री हॅमंड आणि याचिकांचा वाद

अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यातील जेम्स हेन्री हॅमंड (१८०७–१८६४) जन्माने मळेवाला नव्हता. १८३१ मध्ये चार्ल्स्टनच्या एका धनाढ्य घराण्यात विवाह झाल्यावर सव्हाना नदीकाठचा सिल्व्हर ब्लफ हा मळा, तेथील १४७ गुलामांसह, या तरुण वकिलाच्या ताब्यात आला.

त्याच्या कारकिर्दीत डिसेंबर १८३५ मधील एका मागणीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. राजधानी वॉशिंग्टनमधील गुलामगिरी बंद करावी, अशा याचिका तोवर अमेरिकी संसदेचे प्रतिनिधिगृह दाखल करून घेई आणि मग बाजूला सारी. त्या दाखलच करून घेऊ नयेत, असा आग्रह या सभागृहाचा सदस्य असलेल्या हॅमंडने धरला. वरवर हा कामकाजाचा तांत्रिक मुद्दा वाटतो. परंतु याचिका स्वीकारली की त्या विषयावर विचार करण्याचा सभागृहाचा अधिकारही मान्य होतो, हे गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कडव्या सदस्यांनी नेमके ओळखले होते. मे १८३६ मध्ये मधला मार्ग निघाला: याचिका घ्यायच्या, मात्र त्या छापायच्या नाहीत आणि त्यांवर चर्चाही करायची नाही. हा ठराव आणणारा सदस्य साउथ कॅरोलायनाचाच असूनही तेथील कडव्या गटाने त्याला फितूर ठरवले. हॅमंड तोवर प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देऊन मोकळा झाला होता. त्याला हवी होती तशी संपूर्ण बंदी जानेवारी १८४० मध्ये आली आणि डिसेंबर १८४४ पर्यंत टिकली. गुलामगिरीविषयी उदासीन असलेल्या उत्तरेतील अनेकांना याच बंदीने अस्वस्थ केले, कारण आता त्यांचा स्वतःचा अर्ज करण्याचा घटनादत्त हक्कच नाकारला जात होता.

पुढे १८४२ ते १८४४ तो राज्याचा गव्हर्नर होता. पत्नीच्या बहिणीच्या चार किशोरवयीन मुलींशी त्याने केलेल्या लैंगिक गैरवर्तनामुळे त्यानंतर तो दशकभर सत्तेबाहेर राहिला. एका गुलाम स्त्रीचे आणि पुढे तिच्या मुलीचेही त्याने केलेले शोषण मात्र त्याच्या राजकारणाच्या आड कधी आले नाही. समाजाने कोणता अत्याचार मोजला, हे त्यावरून कळते.

१८५७ मध्ये तो सिनेटमध्ये पोहोचला. ४ मार्च १८५८ च्या भाषणात त्याने कापसाला राजा म्हटले आणि दक्षिणेचा कापूस थांबला तर इंग्लंड कोलमडेल, असे बजावले. १८६१ नंतर अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरला कापडगिरण्यांच्या बेकारीची झळ नक्कीच बसली, पण इंग्लंड कोलमडले नाही, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाने ती तूट बरीचशी भरून काढली.