स्पीकर गेलेला नाही, बफर रिकामा पडतोय

लातूर-परभणीकडे जुन्या संगणकावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं की एक तक्रार हमखास येते: आवाज तडतडतो. निदानही ठरलेलं, ‘स्पीकर गेला’ नाहीतर ‘लिनक्सवर आवाज नीट येतच नाही’. दोन्ही बहुतेक वेळा चूक. बिघाड आवाजात नसतो, वेळेत असतो.

साउंड कार्ड दर सेकंदाला साधारण ४८,००० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची उंची सांगणाऱ्या संख्या, वाजवतं. त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. प्रोसेसर मात्र शंभर कामांत गुंतलेला. तो नमुने घाऊक आणून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ओततो. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरी हौद जे काम करतो, तेच बफरचं. उबंटू २२.१० पासून ही ने-आण पाइपवायर नावाचं सॉफ्टवेअर बघतं. त्याची एक खेप सहसा १०२४ नमुन्यांची, म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंदांची. तेवढ्यात पुढची खेप आली नाही की लहर मध्येच तुटते. अशा अचानक तुटलेल्या कडेत जवळजवळ सगळ्याच वारंवारिता मिसळलेल्या असतात, म्हणून कानाला सूर नाही, ‘तड्’ ऐकू येतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) ‘पीडब्ल्यू-टॉप’ (pw-top) चालवा आणि ‘ईआरआर’ (ERR) हा चुकांचा रकाना बघत राहा. तडतडीबरोबर आकडा वाढला तर बफरच रिकामा पडतोय. मग ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८’ ही आज्ञा द्या (टंकताना अर्थातच रोमन लिपीत: pw-metadata -n settings 0 clock.force-quantum 2048). खेप ४३ मिलिसेकंदांची होते. गाणी-व्याख्यानांना एवढा उशीर चालतो. कीबोर्ड जोडून पेटी वाजवणाऱ्याला तो खटकेल. पुन्हा पहिल्यासारखं करायचं तर २०४८ च्या जागी ०. २०४८ करूनही आकडा वाढतच असेल तर रॅम बघा: ती भरून संगणक स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या हार्डडिस्कवरच्या जागेवर, आला की कोणताही बफर पुरत नाही.

तडतड आहे पण ‘ईआरआर’चा आकडा हलत नसेल तर आवाजाची पट्टी १०० टक्क्यांच्या वर आहे का बघा. १६ बिटांच्या नमुन्यात ३२,७६७ च्या वर संख्या मावत नाही, लहरीचे माथे छाटले जातात. ‘साउंड बूस्टर’ म्हणून जे खपवलं जातं ते बहुतेक हीच छाटणी करतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलनेही रिकामा बफर भरत नाही. तडतड हलवल्यावर बदलत असेल तरच केबल आणि जॅक तपासा.

आवाज अजिबात नसेल तर ‘पाव्हूकंट्रोल’ (pavucontrol) या आवाजाच्या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये कॉन्फिगरेशनखाली एचडीएमआयऐवजी अ‍ॅनालॉग निवडा. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या ‘अल्सामिक्सर’मध्ये (alsamixer) एफ६ दाबून कार्ड निवडा, पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती बंद आहे, ‘एम’ दाबून उघडा.

गाणं सुरू होताना किंवा थांबल्यावर थोड्या वेळाने एकच ‘टक्’ येत असेल तर ती वीज वाचवायला झोपणाऱ्या कार्डाची. ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ (snd_hda_intel) या साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची ‘पॉवर_सेव्ह’ (power_save) ही सेटिंग ० केली की ती थांबते.