पावशा की चातक? ‘पेरते व्हा’ नक्की कोण म्हणतं

मे महिन्याच्या उन्हात आंब्याच्या शेंड्यातून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सुरू झालं की आपल्याकडे कुणी ना कुणी म्हणतंच, ‘चातक ओरडायला लागला, आता पाऊस आलाच.’ पण ओरडतोय तो चातक नव्हे, पावशा. आणि त्याच्या ओरडण्यावरून पाऊस किती लांब आहे, याचा अंदाज बांधता येत नाही.

घोळ होतो तो उगाच नाही. दोघंही कोकिळेच्या कुळातले, पावशा कबुतराएवढा, चातक त्याहून थोडा लहान, पण दोघंही शेपटीने लांब. दोघांची नावं पावसाशी जोडलेली. दोघंही स्वतःचं घरटं बांधत नाहीत, सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळे होतात. पण एकदा दोघांना नीट पाहिलं की पुन्हा कधी गल्लत होणार नाही.

आधी पावशा, कारण तो दिसण्याआधी ऐकू येतो. तीन सुरांची हाक. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी वरच्या पट्टीत आणि थोडी घाईत. पाच-सहा वेळा अशी चढत चढत ती टिपेला पोचते आणि तिथंच तुटते. जरा वेळ शांतता, मग पुन्हा खालच्या सुरापासून सुरुवात. चांदण्या रात्रीसुद्धा हे चालूच असतं. मराठी कानाला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं, हिंदी मुलखात ‘पी कहाँ’.

ही हाक मृगाला नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी-मार्चपासूनच कानावर यायला लागते. कारण तो त्याच्या विणीचा हंगाम. नर मादीला बोलावतो आणि हद्द सांगतो. वळवाचे ढग आले की जोर वाढतो, पावसाळ्यातही ओरडणं चालू राहतं. हिवाळ्यात ‘पावशा गेला’ असं वाटतं, पण बहुतेक पावशे इथंच असतात, फक्त गप्प. सांगलीच्या आमराईसारखी जुनी दाट झाडी असली की तो शहराच्या मधोमधही राहतो.

म्हणून त्याच्या हाकेचा जुना शेतकरी अर्थ मला फार नेमका वाटतो. ‘पेरा’ नव्हे, ‘पेरते व्हा’. म्हणजे नांगरट, कुळवणी उरका, बी-बियाणं बघून ठेवा, तयारीत राहा. चाड्यावर मूठ धरायची ती जमिनीत ओल उतरल्यावरच. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. माण-खटाव, जत, आटपाडीकडे वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस. तिथं पावशाच्या भरवशावर पेरलं तर दुबार पेरणी ठरलेली.

पावशाला पाहायला गेलात तर आणखी एक घोटाळा वाट बघत असतो, आणि मला तो चातकाच्या घोळापेक्षाही जास्त आवडतो. पावशा हुबेहूब शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो. वरून राखाडी, छातीवर तांबूस छटा, पोटावर आडव्या रेघा, शेपटीवर रुंद पट्टे. उडणंही तेच: चार वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचं, आणि बसताना खालून झेप घेऊन फांदीवर यायचं. चिमण्या-बुलबुल त्याला बघून कलकलाट करतात, शिकारी पक्षी आला म्हणून. हे सोंग पावशाच्या फायद्याचं असावं, घरट्याचे मालक बिचकले की अंडं घालायला वेळ मिळतो. तुम्ही मात्र चोच बघा. शिक्र्याची आखूड, आकडीसारखी वळलेली. पावशाची सडपातळ, जवळजवळ सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पाय दिसले तर प्रश्नच मिटला. शिक्र्याच्या पिवळ्या पायांना बळकट, वळलेल्या नख्या असतात, पावशाचे पाय किरकोळ.

चातकाचं मात्र कुणाशी साम्य नाही. वरून काळाभोर, खालून पांढरा, डोक्यावर मागं झुकलेला टोकदार तुरा, लांब शेपटीच्या टोकांना पांढरे ठिपके. उडाला की काळ्या पंखात पांढरा डाग ठळक चमकतो. आवाज धातूवर टिचकी मारल्यासारखा, ‘पिऊ, पिऊ-पिऊ’. पावशासारखा चढत जाणारा नाही. त्याला दाट आंब्यापेक्षा उघडा माळ आवडतो. बोरी-बाभळी, बांधावरची खुरटी झुडपं, दंडोबाच्या डोंगरउतारासारखी जागा. तिथं तो चक्क शेंड्यावर येऊन बसतो.

आणि तो खरोखरचा पाहुणा आहे. दक्षिण भारतात काही चातक वर्षभर राहतात, पण आपल्याकडे मे अखेर ते जूनमध्ये दिसणारे बहुतेक आफ्रिकेतून, नैऋत्येच्या वाऱ्यांसोबत अरबी समुद्र ओलांडून येतात असं मानलं जातं. ज्या वाऱ्यांवर मान्सून येतो त्याच वाऱ्यांवर तोही. पावसाशी जवळचं नातं शोधायचंच तर ते चातकाशी आहे. २००७ साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात लोकांनी तो पहिल्यांदा दिसल्याच्या तारखा गोळा केल्या होत्या. आता तशा नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करता येतात. तुमच्या गावची तारीख तिथं असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चातक फक्त पावसाचं पाणी पितो, ही काव्यातली गोष्ट. पाऊस त्याला हवा असतो तो दुसऱ्या कारणाने. पावसाबरोबर पालवी फुटते, पालवीवर सुरवंट येतात. दोघांचंही आवडतं खाणं म्हणजे केसाळ सुरवंट, ज्यांना बाकीचे बरेच पक्षी तोंड लावत नाहीत. पावशा सुरवंट फांदीवर घासून-दाबून आतडं बाहेर काढतो आणि मगच गिळतो. पिकाच्या बांधावर असले पक्षी असणं शेतकऱ्याला परवडणारंच आहे. पण बांध कोरून, झुडपं जाळून ‘स्वच्छ’ केला की सातभाईंची घरटी जातात, आणि त्यांच्याबरोबर हे दोघंही. एक बोरीचं जाळं ठेवलं तरी खूप काही राहतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधावर सातभाईंचा थवा पाचोळा उलथत फिरत असेल, तर त्यांच्या मागं मागं, त्यांच्याहून मोठं असं एखादं पिल्लू आ वासून खायला मागताना दिसतं का बघा. छातीवर उभे ठिपके-रेघा असतील तर ते पावशाचं. भुरकट काळपट, आखूड तुऱ्याचं आणि पंखात पांढरा डाग असलेलं असेल तर चातकाचं. आवाजावर इथं विसंबू नका, पावशाचं पिल्लू सातभाईंच्या पिलासारखंच ओरडतं.