प्रोड्युसरचा अल्बम आणि गोळा केलेला अल्बम

धुळ्याहून जळगावला येताना मी गाडीत पीट रॉक या अमेरिकन हिप-हॉप प्रोड्युसरचा अल्बम 'सोल सर्व्हायव्हर' लावला होता. पारोळा गेलं तोवर चार गाणी झाली, चारही वेळा आवाज वेगळा. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, हाऊ अल्बम कोना शे?"

शंका रास्त होती. पाहुण्यांची लांबलचक यादी प्रोड्युसरच्या अल्बमवर असते, तशीच निरनिराळ्या कलाकारांच्या संकलनावरही असते. त्यात मराठीत आणखी एक घोळ. प्रोड्युसर म्हटलं की आपल्याला पैसे लावणारा निर्माता आठवतो. हिप-हॉपमधला प्रोड्युसर बीट बांधतो, म्हणजे आपल्या हिशेबाने संगीतकार, अरेंजर आणि अर्धा रेकॉर्डिस्ट.

भाच्याला मी लग्नातला बँड आठवायला सांगितला. मास्तर तोच, वाजवणारे तेच. माइकवर आधी बँडचा गायक, मग नवरदेवाचा काका, मग सुरतेहून आलेला दोस्त. सूर लागो न लागो, ठेका मास्तरचाच. हा झाला प्रोड्युसरचा अल्बम. डीजेच्या गाडीवर मात्र वीस गाणी वाजतात ती वीस स्टुडिओंतली. ते संकलन.

'सोल सर्व्हायव्हर' १९९८चा, पीट रॉकच्या एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम. तोवर तो सीएल स्मूथ या रॅपरच्या जोडीने ओळखला जायचा. ती जोडी १९९५ साली फुटली. अल्बमवर मेथड मॅन, रेक्वॉन, कॉमन अशी रॅपर मंडळी आहेत आणि एका गाण्यात चक्क सीएल स्मूथही, पण पाहुणा म्हणून! तरीही सगळं एकाच घरातलं वाटतं, कारण ड्रमचा तो जाडसर ठोका आणि मागून येणारे ब्रासचे तुकडे पीट रॉकचे.

हा ठोका कुठून येतो तेही बघण्यासारखं आहे. एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे तबकडीवरचे आवाजाचे तुकडे आत घेऊन पुन्हा वाजवणारं यंत्र, १९८७ साली बाजारात आलं. पीट रॉकचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग बीट बांधणारी पोरं काय करायची, तर मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५वर फिरवून आवाज आत घ्यायची. चार सेकंदांचा तुकडा तीन सेकंदांत बसतो. नंतर यंत्रातच तो हळू करायचा. हळू करताना आवाजाला जी खरखर यायची, ती पुढे लोकांना आवडूच लागली. अडचणीतून आलेली चव म्हणा.

'सोल सर्व्हायव्हर'च्याही आधी, डिसेंबर १९९२मध्ये, डॉ. ड्रे या प्रोड्युसरचा 'द क्रॉनिक' आला. एकट्याच्या नावावरचा त्याचाही हा पहिलाच. त्यावर स्नूप डॉग हा रॅपर इतक्यांदा ऐकू येतो की नवख्याला अल्बम त्याचाच वाटावा. स्नूपचा स्वतःचा अल्बम आला १९९३च्या नोव्हेंबरात.

संकलनाचं जवळचं उदाहरण 'गली बॉय' सिनेमाचा अल्बम, २०१९. सेझ ऑन द बीट या प्रोड्युसरने बांधलेलं 'मेरे गली में' त्यात आहे, आणि इतर गाणी इतर संगीतकारांची. निवड आणि जुळवाजुळव बघायला अंकुर तिवारी. निवडही कसबाचंच काम, पण ठेका प्रत्येक गाण्याला बदलतो.

ओळखायची माझी रीत सोपी आहे: शब्दांकडे कान बंद करायचे. खाली एकच हात ऐकू आला तर प्रोड्युसरचा अल्बम. एवढं सांगून मी निश्चिंत झालो, तर भाच्याने डीजे खालेद काढला. त्याचा पहिला अल्बम २००६चा. नाव त्याचं, पाहुणे ढीगभर आणि बहुतेक बीट दुसऱ्यांचे. खालेद माणसं जमवतो, गाण्यात मध्येच स्वतःचं नाव ओरडतो. माझ्या मते ते संकलनच. भाच्याला हे पटलं नाही. "जेवणावळ ज्यानी उठाडी, लगीन त्यानंच ना?" एरंडोल येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.