गाडी उंच आहे, पण उंची टायरची की पाट्यांची?

गाळप हंगाम संपला की माजलगाव-गेवराईकडं जुन्या पिकअप विकायला निघतात. गेल्या उन्हाळ्यात दाजींसोबत अशीच एक बघायला गेलो होतो. गाडी ऐटीत उभी. "पावसाळ्यात काळ्या रानात कुठंच टेकायची नाही," मालक म्हणाला. दाजी तिथंच पघळले. मी टेप काढली.

गाडी उंच दिसते ती दोन कारणांनी: टायर मोठे घातलेले असतात, नाहीतर पाटे (चेसिस आणि चाकांच्या मधले पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) वाढवून किंवा पाट्याखाली ठोकळा टाकून चेसिस वर उचललेली असते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं तरी उलगडा होत नाही, कारण त्या मापात टायरही आला आणि पाटेही आले.

म्हणून टेप हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मधोमध धरायची आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत न्यायची. टायर बदलला तरी हे माप हलत नाही; पाट्यांना हात लागला की हलतं. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर हवी. चारही चाकं मोजा, मग त्याच मॉडेलची मूळ अवस्थेतली गाडी गाठून तीही मोजा. मालवाहू गाडी रिकामी असताना मागून थोडी उंच असतेच, त्यामुळं नुसत्या नजरेवर जाऊ नका.

टायरचा हिशेब साइजवरूनच निघतो. 215/75 आर 15 चा व्यास साधारण 703 मिमी, 235/75 आर 15 चा 733. म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम 15 मिमी. पण मोठ्या टायरवर मीटर सुमारे 4 टक्के कमी दाखवतो. मीटरवर एक लाख किलोमीटर दिसत असतील आणि ते सगळे त्याच टायरवर झाले असतील, तर गाडी खरी पळाली एक लाख चार हजारांच्या पुढं. पूर्ण स्टेअरिंग वळवून टायर कुठं घासतो का, तेवढं बघून घ्या.

पाट्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. पाटे वाढवून चेसिस वर जाते, पण मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा (मधला फुगीर गिअरचा डबा, डिफरन्शियल) होता तिथंच राहतो, कारण तो चाकांच्या आधारानं उभा असतो. चिखलात आधी टेकतो तो हाच गोळा. म्हणजे मालकाची ती फुशारकी पाट्यांच्या उंचीला लागूच पडत नाही. पाटे वाढवतात ते जास्त माल भरायला, आणि जास्त माल वाहिलेल्या गाडीचं चेसिस, बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस सगळं तपासावं लागतं.

दाजींच्या त्या गाडीचं मागचं माप शेजारच्या गाडीपेक्षा अडीच इंच जास्त भरलं. खाली वाकून बघितलं तर जुन्या, गंजलेल्या पाट्यांत दोन पाटे वेगळ्याच रंगाचे, आणि पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टचे आटे चकचकीत. तिथंच चेसिसपासून अ‍ॅक्सलकडं जाणारी एक बारीक दांडी दिसली, लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. मागचा भाग किती दबलाय हे त्या दांडीवरून कळतं आणि तेवढाच ब्रेकचा दाब मागं जातो. पाटे वाढवून ती दांडी तशीच सोडली, तर भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाटात हे जिवावर बेतू शकतं, म्हणून मी इथं कुणाचीही भीड ठेवत नाही.

एक अडचण मात्र राहते. काही जण चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे टाकून नुसती बॉडी उचलतात. तेव्हाही हब ते मडगार्ड माप वाढतं, पण पाटे मूळचेच असतात. म्हणून अ‍ॅक्सल ते चेसिस हेही अंतर मोजा. तेवढंच जैसे थे असेल तर उचललीय ती बॉडी.

असे बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्येही अडकू शकतात. फिटनेसच्या वेळी प्रश्न येईल तो नव्या मालकाला. दाजींनी मालकाला सांगितलं, पाटेवाल्याकडून जादा पाटे काढून आणा, मग बोलू. चार दिवसांनी गाडी आली तेव्हा माप शेजारच्या गाडीइतकं होतं, आणि दांडीही मूळ जागी बसली होती.