भरताचे स्वप्न

वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात भरताने आजोळी पाहिलेले अशुभ स्वप्न. प्रचलित पाठात ते 69व्या सर्गात येते. संस्कृत साहित्यातील दुःस्वप्नांत सुंदरकांडातील त्रिजटेचे स्वप्न अधिक प्रसिद्ध असले, तरी त्यात रावणाचा नाश पुढे व्हायचा आहे. भरताला दिसते ते घडून गेलेले असते, फक्त त्याला कोणी सांगितलेले नसते.

राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री दशरथाने प्राण सोडला. तेव्हा चारही मुलांपैकी एकही जवळ नव्हता आणि मुलावाचून अग्नी देणे मंत्र्यांना योग्य वाटेना. म्हणून त्यांनी राजाचा देह तेलाने भरलेल्या द्रोणीत, म्हणजे मोठ्या कुंडात, ठेवला आणि केकय देशाच्या राजधानीकडे, राजगृहाकडे, दूत धाडले. मृत्यूची बातमी भरताला कळू द्यायची नाही, अशी त्यांना वसिष्ठांची ताकीद होती. दूत ज्या रात्री नगरात शिरले, त्याच रात्री, पहाट होता होता, भरताला हे स्वप्न पडले.

त्यात मळकट अंगाचे, केस मोकळे सुटलेले वडील डोंगराच्या कड्यावरून शेणाच्या गढूळ डोहात पडतात. त्यात तरंगत, पुन्हा पुन्हा हसल्यासारखे करत ते ओंजळीने तेल पितात. मग तिळमिश्रित भात खाऊन, खाली डोके, सर्वांगाला तेल, असे तेलातच बुडी घेतात. समुद्र आटतो, चंद्र जमिनीवर पडतो, पेटलेला अग्नी एकाएकी विझतो. काळी वस्त्रे नेसून लोखंडी आसनावर बसलेल्या राजाला काळ्या-पिंगट बायका हसतात. शेवटी तांबड्या फुलांची माळ घालून तो गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे घाईने निघतो आणि तांबड्या वस्त्रातली एक राक्षसी त्याला ओढत असते.

गाढव आणि दक्षिण दिशा ही चिन्हे कवीने नव्याने रचलेली नाहीत. कुत्रे, उंट किंवा गाढवांवरून दक्षिणेला जाण्याचे स्वप्न ज्याला पडते तो यक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, मरतो, असे चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या इंद्रियस्थान या भागात म्हटले आहे. दक्षिण ही यमाची दिशा. म्हणूनच आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नाहीत. तीळ तर श्राद्धातले. तेलही अशुभ स्वप्नांच्या यादीतलेच, पण इथे त्याचे वजन निराळे आहे: भरत झोपेत वडिलांना तेलात बुडताना पाहतो, त्या घटकेला अयोध्येत दशरथ खरोखरच तेलात आहे. हा धागा वाल्मीकी उलगडून सांगत नाही. अलीकडच्याच सर्गातली द्रोणी वाचकाला आठवली, तर अंगावर काटा येतो.

सकाळी मित्र गाणे, नाच, नाटक, गमतीच्या गोष्टी सगळे करून पाहतात. भरत हसत नाही. घसा कोरडा पडतो, मन ठिकाणावर नाही, आवाज बिघडला आहे, असे तो सांगतो. आपण स्वतः, राम, लक्ष्मण किंवा राजा यांपैकी कोणीतरी मरणार, असे त्याला वाटते. भीतीचे कारण दिसत नाही आणि भीती तर आहे. त्याहून विलक्षण म्हणजे स्वतःचीच किळस आल्यासारखे त्याला होते, का ते कळत नाही. आपल्या नावाने आईने काय मागून घेतले, हे त्याला अजून ठाऊक नाही. माझ्या मते या प्रसंगातली सर्वांत खोल जागा हीच: चंद्र-समुद्राच्या चित्रांपेक्षा ही विनाकारण किळस जास्त खरी वाटते.

तेवढ्यात दूत समोर येतात. घरच्यांची खुशाली विचारल्यावर, ज्यांचे कुशल आपण इच्छिता ते कुशल आहेत, असे उत्तर मिळते. वाटेत सात रात्री जातात. अयोध्येत शिरताना रस्ते सुने असतात. पुढे अंत्यसंस्काराच्या वेळी देह तेलातून काढून जमिनीवर ठेवतात, तेव्हा राजाचा चेहरा पिवळसर पडलेला असतो आणि तो झोपल्यासारखा दिसतो.