बॉम्बे रक्तगटामागची दोन उत्परिवर्तनं

1952 साली मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका वेगळ्याच रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसे, पण ओ गटाच्या पेशी त्याच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) घातल्या की गुठळ्या धरत. रक्तगट ठरवण्याच्या लँडस्टायनर यांच्या ए-बी-ओ पद्धतीत हे बसत नव्हतं. पुढे या गटाला शहराचंच नाव पडलं. भारतात तो साधारण 10 हजारांत एकाचा असतो.

कोडं सुटलं ते ‘एच’ प्रतिजनामुळे, म्हणजे पेशीवरच्या एका ओळखखुणेमुळे. तांबड्या पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी एक विकर (एन्झाइम) फ्युकोज नावाची साखर जोडतं आणि एच तयार होतो. ए किंवा बीची साखर त्यावरच बसते. ओ गटात एच तसाच उघडा राहतो. बॉम्बे गटात एचच नसतो, त्यामुळे ए-बीचं जनुक धडधाकट असूनही त्याला काम करायला जागा उरत नाही. ते जनुक मात्र मुलांकडे जातंच. म्हणून आईवडील दोघंही कागदावर ओ आणि मूल बी, असं घडू शकतं. अशा घरात कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी एचची तपासणी झालीच पाहिजे.

मूळ बिघाड 19 व्या गुणसूत्रावर आहे. भारतीय कुटुंबांत शेजारशेजारच्या दोन जनुकांत दोन निराळ्या प्रकारचे बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, बहुधा एकत्रच सापडतात. पेशींवरचा एच बनवणाऱ्या एफयूटी1 या जनुकात 725 व्या जागी डीएनएचं टी हे अक्षर जाऊन जी आलं आहे. एवढ्यानं प्रथिनातल्या 242 व्या ठिकाणी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसतं. पाण्यापासून दूर राहणाऱ्या घटकाच्या जागी विद्युतभारित घटक आला आणि विकर निकामी झालं. लाळेतला एच बनवणाऱ्या एफयूटी2 मध्ये अक्षर बदललेलं नाही, सुमारे 10 हजार अक्षरांचा तुकडाच गळाला आहे. म्हणून या व्यक्तींच्या लाळेतही एच नसतो.

कारणंही वेगळी. अक्षराची अदलाबदल बहुतेकदा डीएनएची नक्कल होताना घडते. क्ष-किरणांनीही उत्परिवर्तनं वाढतात, हे जनुकशास्त्रज्ञ म्युलर यांनी 1927 मध्ये फळमाशीवर दाखवलं होतं. तुकडा गळण्यामागे ‘अलू’ नावाचे, जनुकसंचात लाखो ठिकाणी आढळणारे सारखे तुकडे आहेत: बीजपेशी बनताना चुकीच्या जोड्या जुळल्या आणि मधला भाग सुटला. हे पूर्वजांच्या पिढीत घडलेलं आहे. गरोदरपणातल्या खाण्यापिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दोन्ही पालक वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल बॉम्बे गटाचं होण्याची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नांत दोघंही वाहक असण्याचा संभव वाढतो.

चूक होते ती घाईत. ए आणि बी ओळखणारी द्रावणं, म्हणजे निळं अँटी-ए आणि पिवळं अँटी-बी, यांच्या दोन्ही थेंबांत गुठळी नाही म्हणून ‘ओ’ लिहून मोकळं झालं की बॉम्बे गट निसटतो. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींशी तपासताना, ओ पेशी ठेवल्या तर तो तिथेच पकडता येतो. मग अँटी-एच लेक्टिन या एच ओळखणाऱ्या प्रथिनानं खात्री करायची. या रक्तातलं अँटी-एच हे एचविरोधी प्रतिपिंड 37 अंशांवरही (शरीराच्या तापमानाला) जोमात असतं, त्यामुळे ओ गटाची पिशवी चढवली तर पेशी फुटून जीव जाऊ शकतो. चालतं ते फक्त बॉम्बे गटाचंच. दाता शोधताना पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची करावी.