ए-वन मेडिकलमधले रंगीत ठिपके

पेडणे, डिचोली, सत्तरीकडची आयटीआय झालेली मुलं रेल्वेत असिस्टंट लोको पायलटचा (इंजिनचालकाच्या मदतनीसाचा), म्हणजे एएलपीचा फॉर्म भरतात तेव्हा सगळी धास्ती असते ती गणिताची. दोन सीबीटी, म्हणजे संगणकावरच्या परीक्षा, त्यानंतर ‘सायको’, म्हणजे मानसिक क्षमतेची चाचणी. डोळ्यांची पाळी येते अगदी शेवटी, मेडिकलला. तिथे ए-वन ही सर्वांत कडक श्रेणी लागते. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ हवी आणि रंग बिनचूक ओळखता यायला हवेत. इतकी वर्षं अभ्यास करून पोरगा रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायच्या पुस्तकात अडकतो, आणि आपल्याला रंगांधळेपणा आहे हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं.

रेल्वेला रंगांची ही धास्ती जुनी आहे. एडिनबरोच्या जॉर्ज विल्सन यांनी १८५५ मध्येच इशारा दिला होता की लाल-हिरवा फरक न कळणारा माणूस सिग्नलपाशी धोक्याचा. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन गाड्या धडकल्या, नऊ माणसं गेली. उप्सालाचे प्राध्यापक फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी या अपघातामागे रंगांधळेपणा असावा असं मांडलं, आणि उप्साला-येव्ले मार्गावरच्या २६६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यांत तेरा जण रंगांधळे निघाले. अपघाताचं खरं कारण तेच होतं का, यावर अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे, आणि ती रास्त वाटते. पण ते तेरा जण काही कल्पनेतले नव्हते.

होल्मग्रेन यांची परीक्षा लोकरीची होती. हातात एक लड द्यायची आणि ढिगातून तिच्या छटेच्या लडी निवडायला सांगायच्या. स्वस्त, झटपट. पण इंजिनावरच्या माणसाला लोकर जुळवायची नसते. त्याला अंधारात लांबवर लुकलुकणारा एक ठिपका ओळखायचा असतो. ब्रिटिश डॉक्टर एड्रिज-ग्रीन यांचा आक्षेप नेमका हाच होता, म्हणून त्यांनी कंदील आणला. त्यात रंगीत काचा फिरतात, प्रकाशाचं भोक लहान-मोठं करता येतं, आणि पुढे घासलेली किंवा रेघांची काच सरकवली की तोच दिवा धुक्यातला किंवा पावसातला वाटतो. कॅसलरॉक ते कुळे हा १ः३७ चढ-उताराचा ब्रागांझा घाट ज्याने जुलैत पाहिलाय, त्याला या काचांचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

ठिपक्यांचं पुस्तक जपानच्या शिनोबु इशिहारा यांचं, १९१७ चं. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो; खरी परीक्षा पुढच्या पानांवर. काही पोरं आकडे पाठ करून जातात. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतं, ते पानं उलटसुलट दाखवतात. शिवाय आपल्याकडच्या रेल्वेत पुस्तकाच्या जोडीला कंदीलही आहेच.

गोव्यात मुरगावची मीटरगेज लाइन आली १८८० च्या दशकात, म्हणजे जगात या परीक्षांचा वाद रंगात असताना. जुन्या सिग्नलला हात असायचा, म्हणजे खांबावरची हलणारी पट्टी. दिवसा तो पडला की नाही हे रंग न कळणाऱ्यालाही दिसे. प्रश्न रात्रीचा. तेव्हा तेलाच्या दिव्यापुढे काच येई, आणि ज्योत पिवळी असल्यामुळे ‘हिरवी’ काच मुळात निळसर करावी लागे. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवर हात नाहीत. रंगीत दिवेच दिवसरात्र बोलतात, लाल, पिवळा, हिरवा. रंगावरची भिस्त उलट वाढली.

लाल-हिरव्याचा हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त, मुलींत क्वचित. आईकडच्या आजोबांना असेल तर नातवाला येऊ शकतो. अभ्यासाने किंवा व्यायामाने तो जात नाही. तसा दावा करणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. नोकरीत असताना नजर ए-वनमधून उतरली तर रेल्वे त्या माणसाला दुसरं काम देते. भरतीच्या दारात उभ्या असलेल्याला ती सोय नाही. तेव्हा फॉर्म भरण्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन इशिहारा बघून घ्यावं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.